गाडीतल्या जीपीएसचं घड्याळ चुकतंय? सेटिंगला हात लावण्याआधी फरक मोजा

"भाऊ, गाडीतलं घड्याय चुकून राह्यलं," असं म्हणत गिऱ्हाईक आलं की ॲक्सेसरीजवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: किती चुकतं? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं: "बरंच." एवढ्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर दोष सेटिंगमध्ये आहे. रोज सकाळी बारा वाजलेले दिसत असतील तर वायरिंगमध्ये आहे. वेळ बरोबर पण तारीख वीसेक वर्षं मागे असेल तर युनिटच्या, म्हणजे स्क्रीनच्या डब्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे चूक किती आहे हे नीट मोजलं की अर्धं निदान तिथेच होतं. नवीन माणूस मात्र आधी फॅक्टरी रीसेट मारतो. त्यात साठवलेले पत्ते जातात, रेडिओची स्टेशनं जातात, आणि घड्याळ होतं तिथेच राहतं.

चुकणारं घड्याळ नेमकं कोणतं?

आजकालच्या गाडीत दोन घड्याळं सहज असतात. स्पीडोमीटरच्या पॅनेलवरचं घड्याळ बऱ्याच गाड्यांत स्वतंत्र असतं, ते शेजारच्या नॉबने किंवा बटणाने लावतात आणि त्याचा जीपीएसशी काही संबंध नसतो. दुसरं घड्याळ मधल्या स्क्रीनवर. आणि फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने जोडला असेल तर स्क्रीनवर दिसणारी वेळ फोनची असते. फोन काढला की युनिटचं स्वतःचं घड्याळ पुन्हा दिसू लागतं. "कधी बरोबर दाखवतं, कधी चूक" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इतकंच निघतं. तेव्हा फोन काढून ठेवा, ब्लूटूथ बंद करा आणि मगच पुढे जा.

फरक कसा मोजायचा

ताडून पाहायला फोनची वेळ चालते, फक्त फोनमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर आहे ना ते बघून घ्या. घरातलं भिंतीवरचं घड्याळ धरू नका, ते दहा मिनिटं पुढे ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. भारताची प्रमाणवेळ राखण्याचं काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. अगदी सेकंदापर्यंत खात्री हवी असेल तर तिच्या संकेतस्थळावर चालू वेळ दिसते.

गाडी मोकळ्या आभाळाखाली उभी करा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, दाट निंबाखाली नको. चावी फिरवून युनिट सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. युनिटच्या मेनूत उपग्रहांचं पान असतं. तिथे किमान चार उपग्रह पकडलेले दिसायला हवेत. आता कागदावर लिहा: युनिटची वेळ, तारीख आणि वार, आणि शेजारी फोनची वेळ, तारीख आणि वार. वार लिहायला विसरू नका, त्याचा उपयोग पुढे आहे. मग चावी काढून तासाभराने पुन्हा बघा, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी फक्त ॲक्सेसरीवर चावी फिरवून.

या तीन नोंदींतून कळतं ते असं: फरक तेवढाच राहतो, वाढत जातो, की चावी काढली की सगळं पुसलं जातं. पुढची सगळी वाट यावरून ठरते.

फरक कायम आहे आणि पाव-अर्ध्या तासाच्या हिशेबात बसतो

जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. ती ६ जानेवारी १९८० पासूनचे आठवडे आणि आठवड्यातले सेकंद मोजत असतात आणि तोच आकडा खाली पाठवतात. उपग्रहाला जळगाव, धुळं, नंदुरबार काही ठाऊक नसतं. त्या आकड्यावरून ग्रीनिचची वेळ काढायची आणि तीत आपले साडेपाच तास मिळवायचे, हे काम गाडीतल्या युनिटचं. म्हणून उपग्रह पकडलेले असताना वेळ तासा-अर्ध्या तासाने चुकत असेल तर अँटेना, वायर, बॅटरी सगळं ठीक आहे. चुकलाय तो मिळवायचा आकडा.

युनिट साडेपाच तास मागे असेल तर टाइम झोन ग्रीनिचवर राहिलाय. अडीच तास पुढे असेल तर बीजिंगवर. चायना बनावटीच्या अँड्रॉइड स्टिरिओत हे नेहमीचं, कारण डबा तिथून निघताना तीच सेटिंग असते. दीड तास मागे म्हणजे दुबई-अबुधाबी. अर्धा तास मागे म्हणजे कराची, अर्धा तास पुढे म्हणजे ढाका, आणि पाव तास पुढे असेल तर कुणीतरी यादीत बोट घसरून काठमांडू निवडलंय. तासभर पुढे असेल तर झोन बरोबर असूनही 'डेलाइट सेव्हिंग' किंवा 'समर टाइम' चालू राहिलंय. भारतात त्याचं काही काम नाही, बंद करा. बरोबर बारा तासांचा फरक हा एएम-पीएमचा घोळ. २४ तासांची पद्धत लावली की तो निदान पुन्हा लपत नाही.

विंडोज सीईवर चालणाऱ्या जुन्या युनिटात GMT (ग्रीनिचची वेळ) च्या पुढे आकडे आणि शहरं दिसतात. त्यात ०५:३० च्या ओळीवर चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही नावं असतात, ती निवडायची. अँड्रॉइडवर बहुधा 'कोलकाता' किंवा 'भारतीय प्रमाणवेळ' सापडेल. श्रीलंकेची ओळ निवडली गेली तरी वेळ जुळते, तिथेही साडेपाचच आहेत. काही जुन्या डब्यांत मात्र पूर्ण तासांचेच पर्याय असतात, अर्ध्याची सोय नसते. तिथे पाच निवडा किंवा सहा, अर्धा तास चुकणारच. अशा युनिटात 'जीपीएस सिंक' (उपग्रहावरून वेळ आपोआप घेणं) बंद करून वेळ हाताने लावणं एवढाच उपाय उरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन्हा जुळवावी लागते.

इथे नवशिके एक गोष्ट हमखास करतात. जीपीएस सिंक चालूच ठेवून वेळ हाताने बदलतात. गाडी बाहेर निघते, उपग्रह सापडतात आणि घड्याळ पुन्हा जुन्या चुकीवर जातं. मग युनिट खराब आहे असं ठरतं. युनिट सांगितलेलं काम चोख करतंय. झोन बदला, वेळेला हात लावू नका.

अँड्रॉइड युनिटात आणखी एक खाच आहे. ऑटोमॅटिक वेळेसाठी 'नेटवर्क' आणि 'जीपीएस' असे दोन पर्याय असू शकतात. युनिटात सिम नसेल आणि तुम्ही रोज हॉटस्पॉट देत नसाल तर नेटवर्क निवडून उपयोग नाही. तोरणमाळकडे किंवा सातपुड्याच्या पाड्यांकडे जाताना मोबाइलची रेंज जाते, जीपीएसला रेंज लागतच नाही. तेव्हा पर्याय असेल तर जीपीएसच ठेवा.

वेळ बरोबर, वारही बरोबर, पण तारीख भलतीच

इथे त्या लिहून ठेवलेल्या वाराचं काम. ३० एप्रिल २०२५ ला आखाजी (अक्षय तृतीया) होती, वार बुधवार. त्या दिवशी एखादं जुनं युनिट १४ सप्टेंबर २००५, बुधवार दाखवत असेल तर त्या दोन तारखांत बरोबर १०२४ आठवडे आहेत. हा आकडा योगायोगाचा नाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक लिहायला दहा बिट ठेवले आहेत आणि दहा बिटांत ० ते १०२३ एवढंच मावतं. १०२३ नंतर पुन्हा शून्य. असं पहिल्यांदा २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री घडलं, दुसऱ्यांदा ६-७ एप्रिल २०१९ ला, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. पूर्ण आठवडेच मागे जातात, म्हणून वार आणि वेळ शाबूत राहतात, तारीख तेवढी सुमारे १९ वर्षं साडेसात महिने मागे पडते.

मग सगळी जुनी युनिटं २०१९ मध्ये एकदमच का गंडली नाहीत? कारण पुष्कळ कंपन्या सॉफ्टवेअर बनवताना स्वतःची एक आधाराची तारीख ठरवतात आणि तिथून १०२४ आठवडे मोजतात. ती मुदत ज्या दिवशी संपेल त्या दिवशी ते युनिट मागे जाईल. त्यामुळे कालपर्यंत ठीक असलेला डबा एखाद्या साध्या मंगळवारी अचानक भूतकाळात गेला तर नवल नाही, आणि त्याला तुमच्या हातून काही झालेलं नाही.

यावर सेटिंगमध्ये औषध नाही. कंपनीने त्या मॉडेलसाठी अपडेट काढलं असेल तर तेच टाकायचं. मॉडेल क्रमांक युनिटच्या 'अबाउट' पानावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर तिथलाच एमसीयू (आतली नियंत्रक चिप) व्हर्जनचा आकडाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असतात आणि दुसऱ्याचं सॉफ्टवेअर टाकलं तर स्क्रीन कायमची काळी होते. पेनड्राइव्ह FAT३२ ला फॉरमॅट केलेला हवा. अपडेट चालू असताना चावी काढू नका, सेल्फही मारू नका. गाडी आधीच सुरू करून, मोकळ्या जागेत उभी ठेवून हे काम करा. अपडेट निघालंच नसेल तर तारखेकडे दुर्लक्ष करा. रस्ता दाखवायला बहुतेक युनिटांना तिची गरज पडत नाही.

अँड्रॉइडवर मात्र चुकीची तारीख महागात पडते. इंटरनेटवरच्या सेवांची सुरक्षा-प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. तारीख २००५ ची असेल तर ऑनलाइन नकाशा उघडत नाही, गाणी वाजत नाहीत, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत राहतं, आणि माणूस डेटा पॅक संपला समजून रिचार्ज मारतो.

चावी काढली की सगळं पुसलं जातं

सगळ्यांत जास्त गाड्या या गटातल्या. सकाळी बघावं तर १ जानेवारी आणि बारा वाजलेले, साल २००० किंवा १९७० किंवा युनिट बनलं ते. उपग्रह मिळाले की हळूहळू ठीक होतं, संध्याकाळी गाडी लावली की पुन्हा तेच.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला तीन मुख्य वायरी असतात. पिवळी ही कायमची बॅटरी, चावी असो नसो. लाल ही ॲक्सेसरीची, चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी. काळी अर्थिंगची. घड्याळ आणि आठवण ही पिवळीवर जगतात. बसवणाऱ्याने घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून ॲक्सेसरीवर जोडली असेल तर चावी काढताच युनिटचा श्वासच बंद. काही जण हे मुद्दाम करतात, "बॅटरी उतरणार नाही" म्हणून. तो बचत नाही, आळस आहे. चांगलं युनिट झोपलेलं असताना फार थोडा करंट घेतं.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. चावी पूर्ण बंद असताना पिवळी आणि काळी यांच्यात बाराच्या पुढे आकडा यायला हवा, लाल आणि काळी यांच्यात शून्य. चावी ॲक्सेसरीवर नेली की दोन्हीकडे बारा. पिवळीवर चावी बंद असताना शून्य असेल तर दोष सापडला: एक तर जोड चुकलाय, नाही तर तिचा फ्यूज उडालाय. फ्यूज युनिटच्या मागेही असतो आणि गाडीच्या फ्यूज बॉक्समध्येही, दोन्ही बघा. हे रंग बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या सॉकेटचे आहेत. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग कंपनीगणिक बदलतात, तिथे रंगावर न जाता मीटरवर जा. वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता बसणारा जोड) मागा.

उलटा प्रकारही दिसतो: दोन्ही वायरी कायमच्या बॅटरीवर. तिथे घड्याळ छान चालतं, पण गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही.

घड्याळ रात्रभर टिकतं आणि नेमकं सेल्फ मारतानाच उडतं, असं असेल तर वायरिंग सोडा, बॅटरीकडे चला. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती खाली जाणारच, पण ९.६ च्याही खाली कोसळत असेल तर युनिट तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतं. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचलाय का, पकड ढिली आहे का, हे आधी बघा. बॅटरी बदलायची वेळ आली आणि रेडिओ जुना, कंपनीचाच असेल तर त्याचा कोड कार्डावर किंवा गाडीच्या पुस्तकात शोधून ठेवा. काही रेडिओ करंट तुटल्यावर कोड मागतात आणि तो नसेल तर मुके होतात.

काही युनिटांच्या आत नाण्यासारखा बटन सेल असतो, बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. सगळ्यांत नसतो. तो खाचेत बसवलेला असेल तर स्वतः बदला. पायांनी झाळलेला असेल तर चांगल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरच्या सोल्डरिंगने बोर्ड भाजतो.

काचेला चिकटवायच्या सुट्या नेव्हिगेटरमध्ये आतली लिथियम बॅटरी हे काम करते. सहा महिने कपाटात पडून ती पूर्ण उतरली की घड्याळ विसरतं. पूर्ण चार्ज करून, मोकळ्या आभाळाखाली, गाडी न हलवता वीस मिनिटं ठेवा. उपग्रहांची सगळी माहिती एकदा पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून हा वेळ. चार्ज टिकतच नसेल किंवा मागचं झाकण फुगल्यासारखं दिसत असेल तर वापर तिथेच थांबवा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची, दाबायची नाही.

रोज थोडं थोडं सरकतं

आपल्याकडे याचं खापर लगेच उन्हावर फुटतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो, हे खरं. घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तो २५ अंशांच्या आसपास सगळ्यांत नेमका असतो. तिथून तापमान वर जावो की खाली, तो मंदच होतो. पण हिशेब करून बघा. ६५ अंशांना तो दिवसाला पावणेपाच सेकंदांच्या आसपास मागे पडतो, तेही दिवसरात्र तेवढीच उष्णता राहिली तर. महिन्याला फार तर सव्वादोन-अडीच मिनिटं. आठवड्यात दहा मिनिटं मागे पडणाऱ्या घड्याळाचा दोष उन्हावर टाकता येणार नाही.

आणि मुळात, उपग्रह मिळत असतील तर हा मंदपणा रोज आपोआप दुरुस्त व्हायला हवा. तो होत नाही याचा अर्थ सिंक बंद आहे, किंवा उपग्रहच मिळत नाहीत. दुसऱ्यात बहुतेक वेळा अँटेना सापडते. स्टिरिओसोबत येणारी चौकोनी, काळी, वायर जोडलेली डबी म्हणजे जीपीएस अँटेना. ती डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबलेली किंवा उलटी चिकटवलेली असते. तिला वर तोंड करून, पुढच्या काचेखालच्या प्लास्टिकवर ठेवा, वर धातू नको. काचेवर धातूचा अंश असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर तीही सिग्नल खाते. वायरीचं सोनेरी टोक युनिटच्या मागे घट्ट फिरवलंय का, तेही बघा. आणि चाचणी कन्नडच्या किंवा अजिंठ्याच्या घाटात घेऊ नका. डोंगराच्या कुशीत निम्मं आभाळ झाकलेलं असतं. धुळ्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर घ्या.

फरक नुसता पंधरा-वीस सेकंदांचा असेल तर काही करू नका. जीपीएसची मोजणी आणि जागतिक प्रमाणवेळ यांच्यात २०१७ पासून १८ सेकंदांचं अंतर आहे. ते किती हे उपग्रहच सांगतो, पण तो तुकडा साडेबारा मिनिटांतून एकदाच येतो. गाडी सुरू करताच घड्याळ १८ सेकंद पुढे दिसलं आणि थोड्या वेळाने जुळलं, तर सगळं नीट चाललंय.

घड्याळ बरोबर, तरी तक्रार

पोहोचायची वेळ चुकते म्हणून काही जण घड्याळ दुरुस्त करायला निघतात. ती वेळ म्हणजे आत्ताची वेळ अधिक उरलेल्या रस्त्याचा अंदाज. घड्याळ जुळत असेल तर अंदाज चुकतोय. जुना नकाशा, रस्त्याचं काम, फाटकावर अडकलेली गाडी, काहीही असू शकतं. स्क्रीन भरदिवसा काळी होत असेल तर मात्र घड्याळावर संशय घ्या, कारण रात्रीचे रंग तारीख आणि ठिकाणावरून काढलेल्या सूर्यास्तावर लागतात. आपल्याकडे तो जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास. तारीख सहा महिने चुकली तर जूनच्या संध्याकाळी उन्हातच स्क्रीन काळवंडते.

रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. कारचं १२ व्होल्टचं युनिट तिथे थेट जोडलं तर घड्याळ चुकायला युनिटच उरत नाही. चार्जरवर किंवा युनिटवर '१२-२४ व्होल्ट' छापलेलं असेल तरच लावा, नाही तर मध्ये कन्व्हर्टर घ्या. आणि टॅक्सी-बसमध्ये परवान्यासाठी बसवलेला एआयएस-१४० या सरकारी मानकाचा ट्रॅकर हा तुमचा नेव्हिगेटर नव्हे. त्याच्या नोंदीत वेळ चुकीची दिसली तरी तो उघडू नका, ज्याने बसवून प्रमाणपत्र दिलं त्यालाच बोलवा.